थंडीने डाग जातात का? त्वचेविषयी वाचकांचे प्रश्न

लेसरऐवजी त्वचा थंड करणाऱ्या यंत्राने काळे डाग घालवतात, असे ऐकले. थंडीने रंग कसा कमी होतो? (फोंडा)

त्वचेला रंग देणारे मेलॅनिन ज्या पेशी तयार करतात, त्या मेलॅनोसाइट पेशींना थंडी फारशी सोसत नाही. साधारण उणे 4 ते उणे 7 अंश सेल्सिअसलाच त्यांना इजा होऊ लागते, तर त्यांच्या शेजारच्या केराटिनोसाइट पेशी, म्हणजे त्वचेचा वरचा थर बनवणाऱ्या पेशी, उणे 20 अंशांपर्यंतही तग धरू शकतात. याच फरकावर हा उपचार उभा आहे. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील रॉक्स अँडरसन आणि डिटर मॅनस्टाइन यांच्या गटाने, चरबी गोठवून कमी करण्याच्या तंत्रानंतर, रंगद्रव्यावरही नियंत्रित थंडीचा अभ्यास केला. योग्य मात्रेत थंडी दिल्यास मेलॅनोसाइट जिवंत राहतात, मात्र त्यांच्याकडून शेजारच्या पेशींकडे जाणारे मेलॅनिन कमी होते. चामखीळ जाळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लिक्विड नायट्रोजनचे तापमान उणे 196 अंश असते. त्याने फोड येतो आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर कधी कधी कायमचा पांढरा ठिपका राहतो. त्यामुळे नव्या यंत्राचे खरे महत्त्व थंडीपेक्षा तिच्या नियंत्रणात आहे.

बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले आहे. घरात लग्न आहे, म्हणून एका ठिकाणी थंड उपचारांचे पॅकेज सुचवले आहे. घेऊ का? (म्हापसा)

लग्नाच्या तोंडावर घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. वांग हा एकच एक डाग नसतो. संप्रेरके, ऊन, उष्णता आणि आनुवंशिकता यांच्यामुळे ती त्वचा सतत चेतवलेली असते आणि तिला दुखावणारा कोणताही उपचार, मग तो गरम असो वा थंड, तिला आणखी काळवंडू शकतो. शिवाय उतरलेले वांग पुन्हा येऊ शकते, हे पॅकेज विकणारे क्वचितच सांगतात. सुरुवात लोहाच्या ऑक्साइडचा रंग असलेल्या सनस्क्रीनने करा, कारण साधे सनस्क्रीन बहुतेक अतिनील किरणांनाच अडवते, तर वांग दृश्य प्रकाशानेही वाढते. आपल्याकडच्या किनाऱ्यावर ढगाळ दिवशीही ते लावायलाच हवे. बाळ अंगावर पीत असेल, तर कोणतीही औषधी क्रीम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगा. दुकानातून परस्पर आणलेली स्टिरॉइडमिश्रित क्रीम तर अजिबात लावू नका. तिच्याने चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन लाल पडलेली मी वारंवार पाहतो.

काजू भाजताना तेल उडून हातांवर काळे डाग पडले. रोज बर्फ चोळला तर जातील का? (सत्तरी)

नाही. चोळताना वितळणारा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, त्यामुळे वर सांगितलेल्या तापमानापर्यंत तो त्वचेला नेत नाही. उलट फार वेळ दाबून धरल्यास त्यानेही भाजल्यासारखी इजा होते आणि नवा डाग पडतो. टरफलातल्या दाहक तेलाने भाजल्यानंतरचे हे डाग उन्हापासून जपल्यास काही महिन्यांत सहसा फिकट होतात. पुढच्या हंगामात हातमोजे वापरा.

वडील सत्तरीचे आहेत, आयुष्य होडीवर गेले. हातांवर आणि कपाळावर तपकिरी डाग आहेत. कपाळावरचा एक अलीकडे वाढतो आहे. यंत्राने काढून टाकावेत का? (काणकोण)

हातांवरचे डाग उन्हाने, वयोमानाने आलेले असावेत आणि नियंत्रित थंडीचा उपयोग अशा निरुपद्रवी डागांवरच अधिक संभवतो. कपाळावरच्या डागाला मात्र निदान होईपर्यंत कोणालाही गोठवू देऊ नका. वाढणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा रक्त येणारा डाग आधी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने, पाहावा लागतो आणि गरज वाटल्यास त्याचा तुकडा तपासणीसाठी पाठवावा लागतो. तो गोठवला की तपासायला हवे तेच नष्ट होते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात त्यांना या आठवड्यातच दाखवा.

उपचारापूर्वी डॉक्टरांना काय विचारावे? (मडगाव)

यंत्र त्वचेचे तापमान सतत मोजते का, आणि कानामागे छोटी चाचणी घेऊन काही आठवडे वाट पाहणार का, हे विचारा. थंड पाण्याने अंगावर गांधी उठत असतील किंवा गारठ्यात बोटे पांढरी पडत असतील, तर ते स्वतःहून सांगा. अशा व्यक्तींनी हा उपचार टाळावा.