लीन ४ मध्ये स्वतःचा सिम्प्रॉक लिहावा का, आणि लिहायचा तर कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की, लीन ४ या गणिती सिद्धता तपासणाऱ्या भाषेत १२ च्या विभाजकांचा संच समोर आला की सिम्प, म्हणजे राशी आपोआप सोपी करणारी आज्ञा, तिथेच थांबते. म्हणून तुम्ही १२ साठी एक लेमा, म्हणजे छोटे सहायक प्रमेय, लिहिला, १८ साठी दुसरा, आणि आता चाळीस लेमा झाल्यावर सुलभीकरणाची स्वतःची कार्यपद्धती, म्हणजे सिम्प्रॉक, लिहावा का असा विचार करत आहात. माझे मत आहे की जरूर लिहावा. विभाजक शोधणे हा त्यातला सोपा भाग आहे; खरे कष्ट सिद्धता स्वस्तात तयार करण्यात आहेत, आणि माझ्या उत्तराचा भर त्यावरच आहे.

सिम्पच्या नेहमीच्या लेमात डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजू आधीच लिहिलेल्या असतात. डावीकडचा साचा जुळला की चलांच्या जागी किमती घालून सिम्प उजवी बाजू आणून ठेवते. विभाजकांचा साचा एकच असला, तरी उजवी बाजू संख्येगणिक बदलते आणि हिशेब केल्याशिवाय ती लिहिता येत नाही. असेच दुसरे उदाहरण ‘असा एक क्ष आहे की…’ या विधानाचे. त्यातील अटींच्या साखळीत कुठेतरी खोलवर ‘क्ष = ५’ दडलेले असते; ते शोधून क्ष काढून टाकायचा, तर प्रत्येक खोलीसाठी वेगळा लेमा लागेल. इझाबेल या लीनसारख्याच दुसऱ्या प्रणालीत या कामासाठी जुन्या काळापासून सिम्प्रॉक आहे आणि मॅथलिब या लीनच्या गणिती ग्रंथालयातही आता आहे. लीनमध्ये सिम्प्रॉकची सोय २०२४ च्या सुरुवातीला, ४.६.० या आवृत्तीत आली.

सिम्प्रॉकला दोन गोष्टी द्याव्या लागतात: एक साचा आणि एक प्रोग्राम. साच्याशी जुळणारी राशी सापडली की सिम्प ती प्रोग्रामच्या हाती देते, आणि प्रोग्रामने तीनपैकी एक उत्तर द्यायचे असते: ‘डन’, म्हणजे काम झाले, याला पुन्हा हात लावू नका; ‘व्हिजिट’, म्हणजे ही नवी राशी घ्या आणि तिचे पुन्हा सुलभीकरण करा; किंवा ‘कंटिन्यू’, म्हणजे नेहमीचे काम पुढे चालू द्या. बदल न सुचवता दिलेले ‘कंटिन्यू’ म्हणजे ‘हे माझे काम नाही’ असे सांगणे, आणि चांगला सिम्प्रॉक बहुतेक वेळा हेच उत्तर देतो. संख्येच्या जागी चल आले, किंवा संख्या फार मोठी असली, तर एरर न देता आणि वेळ न घालवता त्याने बाजूला व्हावे.

आता सिद्धतेकडे वळतो. तुमच्या प्रोग्रामवर लीनचे कर्नल, म्हणजे प्रत्येक सिद्धता शेवटी तपासणारा गाभा, विश्वास ठेवत नाही. त्यात चूक असली तर सिद्धता नाकारली जाईल, पण खोटे प्रमेय खरे ठरणार नाही. त्यामुळे उत्तर शोधताना तुम्हाला पूर्ण मोकळीक आहे: कोणताही अल्गोरिदम वापरा, तो बरोबर आहे हे सिद्ध करण्याची गरज नाही, फक्त शेवटी पडताळता येईल असा पुरावा द्या. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार आहे, हे दाखवले. ते अवयव शोधण्यासाठी प्रदीर्घ काळ लागला, पण पडताळणीला एक गुणाकार पुरतो. नैसर्गिक संख्यांची बेरीज, गुणाकार, भागाकार यांचा हिशेब लीनचे कर्नल थेट मोठ्या संख्यांच्या अंकगणिताने करते, म्हणून असा गुणाकार त्याला क्षणाचेही काम नाही.

विभाजकांच्या संचाची व्याख्या मात्र १ पासून त्या संख्येपर्यंतची प्रत्येक संख्या तपासणारी आहे. दोन्ही बाजू व्याख्येनेच समान असल्यामुळे डीसिम्प्रॉक, म्हणजे सिद्धता न देता फक्त नवी राशी देणारा सिम्प्रॉक, लिहून वेगळी सिद्धता टाळता येते, आणि १२ साठी ते ठीकच आहे. पण लाखाच्या घरातल्या संख्येसाठी कर्नलला ती सगळी यादी उलगडत बसावे लागते. अशा वेळी मूळ अवयवांवरून विभाजक देणारे एक सर्वसाधारण प्रमेय एकदाच सिद्ध करावे, अवयव प्रोग्रामने शोधावेत, आणि कर्नलकडे फक्त गुणाकार आणि अवयव मूळ असल्याचे दाखले जावेत.

एका चुकीपायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेली होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. लीनमध्ये लिहिलेला १२ हा नुसता अंक नसतो. त्याभोवती ‘ऑफनॅट’चे वेष्टण असते. मी उजव्या बाजूला वेष्टणाविना कच्चे अंक ठेवले होते. पडद्यावर संच अगदी योग्य दिसत होता, सिद्धताही मान्य झाली होती, पण पुढचा एकही लेमा जुळत नव्हता, कारण त्यांचे साचे वेष्टणासकट असलेल्या अंकासाठी होते. राशीतून संख्या वाचताना आणि राशी तयार करताना त्यासाठी दिलेली फंक्शनेच वापरावीत, हाताने जुळवाजुळव करू नये.

सिम्प्रॉक आतल्या राशींच्या आधी चालवायचा की नंतर, हेही ठरवावे लागते. नेहमी तो नंतर चालतो, आणि विभाजकांसाठी तेच योग्य, कारण तोवर ‘१० + २’ चे १२ झालेले असतात. ‘जर-तर-नाहीतर’ यासाठीचा लीनचा स्वतःचा सिम्प्रॉक मात्र आधी चालतो: प्रथम फक्त अट सोपी करतो, आणि जी फांदी गळणार तिच्यावर श्रमच घेत नाही. सिम्पने सुचवलेल्या यादीत ‘रिड्यूसआयटीई’ या त्याच्या नावाआधी खाली रोखलेला बाण दिसतो, तो याचीच खूण आहे.

साचा शक्य तितका नेमका ठेवा, कारण सैल साच्याचा प्रोग्राम राशीच्या प्रत्येक तुकड्यावर धावतो. मर्यादाही घाला, वेगळे सांगितले नसेल तर लीन स्वतः घातांक २५६ च्या पुढे गेल्यावर घात उलगडत नाही. आणि सिम्प्रॉक सर्वांसाठी आपोआप लागू करू नका: तो नुसता घोषित करावा आणि हवा तिथे सिम्पच्या कंसात नावाने द्यावा. मॅथलिबमधला विभाजकांचा सिम्प्रॉक असाच नावाने बोलवावा लागतो. स्वतःचा लिहिण्यापूर्वी तो उघडून वाचा, अगदी छोटा आहे.

तुमचे चाळीस लेमा पुसू नका. प्रत्येकाची जुनी सिद्धता काढून तिथे ‘सिम्प ओन्ली’ला, म्हणजे नावाने दिलेले लेमाच वापरणाऱ्या सिम्पला, फक्त तुमचा सिम्प्रॉक द्या, म्हणजे चाळीस चाचण्या आयत्या तयार होतील. त्यांत ०, १ आणि एखाद्या चलाचे उदाहरण तेवढे स्वतः घाला. ० च्या विभाजकांचा संच मॅथलिबमध्ये रिकामा मानला आहे, आणि प्रोग्राम बहुधा तिथेच पहिल्यांदा अडतो.