लिनेझोलिड मनाने बंद करू नका

मानखुर्दच्या ताई, भावाच्या बीपाल-एमचा (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचा चार औषधांचा कोर्स) तिसरा महिना चालू आहे, पायांना मुंग्या येतात, तर चारपैकी लिनेझोलिड सोडून बाकी तीन गोळ्या दिल्या तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मनाने नाही. पण मुंग्यांकडे काणाडोळाही नको.

फुफ्फुसातल्या पोकळीत कोट्यवधी जंतू असतात आणि त्यांत एखाद्या औषधाला दाद न देणारे मोजके आधीपासूनच असतात. एकटं औषध दिलं की नेमके तेच उरतात आणि वाढतात. १९४०च्या दशकात ब्रिटनमध्ये नुसतं स्ट्रेप्टोमायसिन देऊन पाहिलं, तेव्हा हेच झालं: पेशंट आधी सुधारले, मग औषध लागू पडेना. म्हणून चारही औषधं एकत्र देतात: बेडाक्विलिन जंतूची ऊर्जा तोडतं, लिनेझोलिड त्याची प्रथिनं बनू देत नाही, प्रिटोमॅनिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन (मॉक्सी) आणखी वेगळीकडून मारतात. एकाच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या हाती लागतो.

त्यातही बेडाक्विलिन शरीरात कित्येक महिने रेंगाळतं. जोडीची औषधं सुटली की ते एकटं पडतं, आणि हातातलं सगळ्यात चांगलं औषध वाया जायची भीती तिथेच असते. शिवाय मुंबईत ताप-खोकल्यालाही क्विनोलोन, म्हणजे मॉक्सीच्या गटातली औषधं, लिहून दिली गेलीत, त्यामुळे मॉक्सीला न जुमानणारा टीबी इथे नवा नाही. भावाच्या एलपीए रिपोर्टमध्ये (जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही ते सांगणारी तपासणी) मॉक्सीचं काय आलंय, ते आधी बघा.

मुंग्या बहुधा लिनेझोलिडच्याच. पूर्वी १२०० मिग्रॅ देत, तेव्हा हा त्रास फार व्हायचा. आता ६०० देतात, आणि गरज पडली तर डॉक्टर ३०० वर आणतात किंवा थोडे दिवस थांबवतात. हा निर्णय त्यांचा. तुम्ही उद्याच डॉट्स सेंटरला जा, सीबीसी (रक्ततपासणी) आणि ईसीजी कधी झाले ते विचारा. डोळ्यांवरही लक्ष ठेवा: एक डोळा झाकून पेपरातल्या छोट्या जाहिराती वाचायला सांगा, मग दुसरा. अक्षर पुसट दिसलं किंवा लाल रंग फिका वाटला, तर त्याच दिवशी दाखवा.

हिमोग्लोबिन घटलं म्हणून लोहाची गोळी दिली असेल, तर ती किंवा जेलुसिल मॉक्सीबरोबर देऊ नका, मॉक्सी अंगी लागत नाही. दोन्हींत किती अंतर ठेवायचं ते सेंटरवर विचारून घ्या. बेडाक्विलिन आणि प्रिटोमॅनिड मात्र जेवणासोबतच.

आणि तो अठरा-वीस महिन्यांचा, इंजेक्शनांनी कान जायचे तो जुना कोर्स आठवून घाबरू नका. हा साधारण सहा महिन्यांचा आहे, निम्मा तर होत आला.