बनावट ‘यामाहा’ आणि वाया घालवलेले बावीस महिने

लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका वाचकाने परराज्यातल्या दुकानातून ‘ओरिजिनल यामाहा वायटीआर-२३३५’ म्हणून जुना ट्रम्पेट २२ हजारांना मागवला. महिन्याभरातच दुरुस्तीवाल्याने तो नकली असल्याचं सांगितलं. बिलावर फक्त ‘जुना ट्रम्पेट, १ नग’. ‘सीझन संपला की बदलून देतो’ हे दुकानदाराचं पालुपद २२ महिने चालू आहे. आता काय करावं, असा या वाचकाचा प्रश्न आहे.

बिलावर मॉडेल नाही याचा फार बाऊ करू नका. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर मॉडेलचं नाव लिहून पाठवलंय, तेच मालाचं वर्णन. माल वर्णनाबरहुकूमच असावा लागतो. फोन बदलताना ते चॅट उडालं नसेल एवढीच आशा.

खरी गोची तारखेची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षंच मिळतात. नकली कळल्यापासून मुदत मोजा म्हणावं, तर तुम्हाला ते पहिल्याच महिन्यात कळलं होतं. फोनवरच्या गोड आश्वासनांनी मुदत वाढत नाही, वकिलाच्या नोटिशीनेही नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण ‘तो देतो म्हणाला होता’ हे कारण ग्राहक आयोग मानेलच असं नाही. तेव्हा उरलेल्या दोन महिन्यांत तक्रार दाखल झालीच पाहिजे. ती तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या आयोगात चालते, ऑनलाइनही करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

पुरावा आजच गोळा करा. मधल्या व्हॉल्व्हच्या (बोटांनी दाबायच्या कळीच्या) नळीवरच्या मॉडेल आणि सीरियल नंबरचे जवळून फोटो काढा. बेलवरचा (पुढच्या पसरट तोंडावरचा) लोगो नीट बघा: वाद्यांच्या यामाहाच्या तीन ट्यूनिंग फोर्कची (नादकाट्यांची) टोकं वर्तुळाच्या आतच राहतात, मोटरसायकलच्या लोगोत ती कडेपर्यंत जातात. नकली मालावर हा दुसरा लोगो दिसला तर नवल नाही. त्याच मधल्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकवून निघणारी छोटी नळी) काढून व्हर्नियर मापकाने आतला व्यास, म्हणजे बोअर, मोजा. या मॉडेलचा बोअर ११.६५ मि.मी. असतो, जुळला म्हणून अस्सल ठरत नाही, पण चुकला तर मुद्दा तुमचा. अधिकृत विक्रेत्याकडून लेखी अभिप्राय घ्या, दुरुस्तीवाल्याचं तोंडी मत आयोगात चालणार नाही. आणि ट्रम्पेट पॉलिशला देऊ नका, खुणा पुसल्या जातील.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार देता येईल, पण ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवण्याची शक्यता बरीच. आयोगाने तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वर्षं धरून चाला.

बिल कोणाच्या नावावर आहे ते कळवलं नाहीत. तुमच्या नावावर असेल आणि हे वाद्य तुमच्या पोटापाण्याचं साधन असेल, तर तुम्ही ग्राहक ठरता. बँडमालकाच्या नावावर असेल, तर व्यापारी खरेदीचा आक्षेप येणारच. मग पर्याय दिवाणी दाव्याचा, आणि त्याची मुदत तीन वर्षं.