वाचकांचे प्रश्न : मोजक्या पैशांत सडपातळ बेताचा सूट

प्रश्न : मी नाशिकला राहतो. माझी उंची पाच फूट आठ इंच, छाती ३६ आणि कंबर २९ आहे. थोरल्या भावाच्या रिसेप्शनला घालता येईल आणि पुढे मुलाखतींनाही चालेल असा सूट मला हवा आहे. डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या जुन्या छायाचित्रांत दिसतो तसा बारीक, काळा सूट मनात आहे, मात्र सगळे मिळून १२,००० रुपयांपलीकडे जाणे शक्य नाही. वडिलांचा १९९४ सालचा लोकरी डबल-ब्रेस्ट (पुढे बटणांच्या दोन रांगा असलेला) सूट घरी आहे. तो आल्टर करून घ्यावा, कापड घेऊन शिवावा की तयारच घ्यावा?

उत्तर : आपण पाहिलेली छायाचित्रे बहुधा डिझायनर एडी स्लिमान यांच्या काळातली असावीत. २००० ते २००७ या वर्षांत त्यांनी डिओरच्या पुरुष विभागासाठी अरुंद खांदा, बारीक लॅपल (कोटाच्या छातीवरची दुमडलेली पट्टी) आणि नळीसारखी पँट असा जो सूट घडवला, त्याची नक्कल पुढे महागड्या दुकानांपासून थेट स्वस्त साखळी दुकानांपर्यंत सर्वांनी केली. ते कपडे अंगात जावेत म्हणून प्रसिद्ध डिझायनर कार्ल लागरफेल्ड यांनी सुमारे ४२ किलो वजन उतरवले होते. आपल्याला तेवढी यातायात नाही, कारण आपला बांधा मुळातच त्या कापाला (कटला) साजेसा आहे. त्या सूटचे कापड आणि हातकाम आपल्या पैशांत मिळणार नाही, पण काप बऱ्याच अंशी मिळू शकतो, आणि चार पावलांवरून पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो तो कापच.

वडिलांच्या सूटचा विचार मात्र सोडून द्यावा. त्या काळच्या कोटांचे खांदे रुंद आणि पॅड जाड असत, मुंढे (कोटाला बाही जोडण्याची जागा) खाली उतरलेले असत. खांदा लहान करायचा म्हणजे बाह्या उसवून, मुंढा नव्याने कापून कोट जवळजवळ पुन्हा शिवावा लागतो. तेवढ्या खर्चात अर्धा नवा सूट येईल. त्यातून डबल-ब्रेस्ट कोट फार आत घेतला, तर बटणांची आणि खिशांची जागाच चुकते. त्याची पँट हवी तर बारीक करून शर्टावर वापरावी.

कापड घेऊन शिवण्याचा मार्ग वाईट नाही. दोन कपड्यांच्या सूटला साधारण तीन ते सव्वातीन मीटर कापड लागते आणि राजस्थानातल्या भिलवाड्याचे पॉलिएस्टर-व्हिस्कोस कापड परवडणारे असते. परंतु लग्नसराईत शिंप्याला उसंत नसते, कच्ची ट्रायल अनेकदा नुसती नावापुरती होते आणि 'थोडा मोकळा असू द्या, पुढे अंग भरेल' हा सल्ला आपण न मागताही कोटात उतरतो. पहिलाच सूट असेल तर तो तयार घ्यावा, म्हणजे खांदा विकत घेण्याआधीच आरशात दिसतो.

सगळी मेख खांद्यात आणि मुंढ्यात आहे. कोट घालून भिंतीला खांदा टेकवून उभे राहावे; दंड भिंतीला लागण्याआधी पॅड दबून वाकला, तर कोट मोठा आहे. मग बटण लावून हात वर करावा. मुंढा उंच असेल तर बाही तेवढी वर जाते, खाली असेल तर अख्खा कोटच उचलला जातो. बटणाभोवती फुलीसारख्या सुरकुत्या पडत असतील, तर तो कोट सडपातळ नसून नुसता घट्ट आहे. ३६ मापाचे कोट दुकानात थोडेच येतात आणि सेलमध्ये लवकर संपतात. अशा वेळी विक्रेता ३८ पुढे करून 'आल्टर करून देतो' म्हणतो. त्याला निक्षून नाही म्हणावे. बहुतेक तयार सूटांत छाती आणि कंबर यांत सहा इंचांचा फरक धरलेला असतो, म्हणजे आपल्याला ३० कमरेची पँट मिळेल आणि ती इंचभर आत घेणे हे किरकोळ काम आहे.

पैशांची वाटणी म्हणाल, तर सूट ८,००० रुपयांच्या आत बसवावा, त्यासाठी जून-जुलैचा किंवा वर्षअखेरचा सेल गाठावा, आणि १,५०० रुपये आल्टरेशनसाठी राखून उरलेल्या पैशांत शर्ट व बूट पाहावेत. कोटाची कंबर, बाहीची लांबी आणि पँटचा बॉटम हीच कामे चांगल्या कारागिराकडून करून घ्यावीत. बॉटमचा घेर १४ इंच पुरे. त्याहून कमी केल्यास पँट पोटरीला अडकते आणि बसताना गुडघा ताणला जातो. लॅपल अडीच इंचांच्या आसपास असावी, टायही तेवढ्याच रुंदीची घ्यावी. या किमतीत कोटाला आकार देणारा आतला थर डिंकाने चिकटवलेलाच मिळेल, त्याची खंत करू नये. फक्त फार गरम इस्त्री लावू नये, नाही तर लॅपलवर फुगे येतात.

रंगाबाबत आमचे मत आपल्याहून वेगळे आहे. स्वस्त काळे कापड हॉलच्या दिव्यांखाली चकाकते आणि मुलाखतीच्या खोलीत जरा जास्तच नटलेले वाटते. गडद निळा किंवा कोळशासारखा करडा रंग दोन्हीकडे निभावेल. घरी आणल्यावर बाहीवरचे कंपनीचे लेबल आणि कोटाच्या मागच्या चिरेवरची (व्हेंटवरची) फुलीची टीप काढून टाकायला विसरू नये. ती तशीच ठेवून रिसेप्शनला उभे राहिलेले नवरदेवसुद्धा आम्ही पाहिले आहेत.