मुदत खरेदीतला 'आत'

तासगाव तालुक्यातल्या एका वाचकाच्या आजोबांनी 14 मे 1997 रोजी एक एकर जमीन भावकीतच 40,000 रुपयांना पाच वर्षांच्या मुदत खरेदीने, म्हणजे मुदतीत पैसे परत दिले तर जमीन परत मिळेल या अटीवर, लिहून दिली. पैसे परत गेले नाहीत. आजोबा वारले, सातबाऱ्यावर समोरच्यांचं नाव लागलं, तिथे द्राक्षबाग उभी राहिली. आता समोरच्यांची मुलं जमीन तिसऱ्याला विकायला निघाली आहेत आणि पेपरात जाहीर नोटीस आली आहे. जमीन सुटेल का, असं हे वाचक विचारतात. नावं आणि गट नंबर बदलले तर अशीच पत्रं मला सातारा-सांगलीकडून सतत येतात.

तुम्ही दस्ताच्या तिन्ही पानांचे फोटो पाठवलेत हे बरं केलं. सगळं तिसऱ्या पानावर आहे: "सदर रक्कम आजपासून पाच वर्षांचे आत परत दिलेस जमीन फेर खरेदी देणेची आहे. न दिलेस हेच कायम खूष खरेदीखत समजणेचे आहे."

ही अट त्याच दस्तात आहे, म्हणून तुमचा दावा उभा तरी राहू शकतो. ती वेगळ्या कागदावर असती, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 58 मध्ये 1929 साली झालेल्या दुरुस्तीमुळे व्यवहार गहाण ठरलाच नसता. मग फेरखरेदीसाठी तीनच वर्षं मिळाली असती आणि ती 2005 मध्येच संपली असती. पूर्वी असं नव्हतं. 1875 साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यानंतर 1879 चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी आला. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. कागदावर विक्री असली तरी बोली गहाणाची होती, असा तोंडी पुरावा त्या कायद्याखाली कोर्ट ऐकून घेत असे. ते छत्र आता नाही. आता कागद बोलतो.

'कायम खूष खरेदी', म्हणजे कायमची विक्री, 'समजणे' या ओळीने तुमच्या घरात वीस-बावीस वर्षं सगळे गप्प बसले. तिला एवढं घाबरायचं कारण नव्हतं. व्यवहार गहाण ठरला, तर अशा एका ओळीने सोडवणुकीचा हक्क बुडत नाही. त्यासाठी समोरच्यांना कोर्टातून हुकूमनामा घ्यावा लागतो, आणि तो त्यांनी घेतलेला नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं. नुसत्या फेरफाराने मालकी मिळत नाही.

आता मुदतीचं. गहाण सोडवायला मुदत कायद्याने तीस वर्षं दिली आहेत. तुम्हाला गावात कुणी तरी हिशेब करून दिला की 2002 पासून तीस, म्हणजे 2032 पर्यंत काळजी नाही. या हिशेबावर विसंबू नका. तीस वर्षं मोजायची ती सोडवण्याचा हक्क सुरू झाला त्या दिवसापासून. दस्तात 'पाच वर्षांनंतर' लिहिलं असतं तर 2002 धरायला हरकत नव्हती. पण लिहिलंय 'आत'. आजोबा दुसऱ्या दिवशीही पैसे देऊन जमीन मागू शकत होते, म्हणून मुदत 1997 पासूनच धावते, असं समोरचा वकील म्हणणार. कोर्टाने त्याचं ऐकलं, तर तुमची शेवटची तारीख मे 2027 आहे. मे महिन्यात दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते. सुट्टीनंतर उघडल्या दिवशी दावा दाखल करता येतो हे खरं, पण तशी पाळी आणू नका.

तुम्ही लिहिता की 2009 पासून बोलणी चालू आहेत आणि ते "बघू की" म्हणतात. या 'बघू की'पायी माझ्या डोळ्यांसमोर किती घरांच्या जमिनी गेल्या! बोलण्याने मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनेही थांबत नाही. ती दाव्यानेच थांबते. जाहीर नोटिशीवर हरकत आजच द्या, म्हणजे घेणाऱ्याला 'मला माहीतच नव्हतं' म्हणता येणार नाही. पण ती हरकत म्हणजे दावा नव्हे. तासगावच्या कोर्टात दावा पडला की लिस पेंडन्सची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू आहे अशी, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या.

दावा चाललाच तर व्यवहार कर्जाचा होता हे दाखवावं लागेल. अट एकाच दस्तात असणं त्याला पुरत नाही. इथे मला तुमच्या ट्रंकेतली ती पिवळी पडलेली हळदीची पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला हिशेबाचा कागद, मोलाची वाटते. आडत्याची उचल बाकी 39,600 आणि आठवड्याभरात केलेला दस्त 40,000 चा. जमिनीची किंमत ठरवून कुणी असा आकडा काढत नाही, कर्जाच्या गरजेतूनच तो येतो. पट्टीला हात लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. त्या साली त्याच शिवारात झालेल्या खरेद्यांच्या नकला काढा. फेरफाराला 'मुदत खरेदी' असा शेरा आहे का आणि 2002 पर्यंत शेतसारा कुणी भरला, हेही बघा.

बागेचा खर्च ते मागतील. किती मान्य होईल हे आज कुणीही सांगू शकणार नाही. सावकारी कायद्याचा अर्ज 1997 च्या दस्ताला उपयोगाचा नाही, त्यात वेळ घालवू नका. आत्यांना पक्षकार करायला मात्र विसरू नका.

तुमच्याकडचा दस्त झेरॉक्स आहे. सोमवारी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सही-शिक्क्याच्या नकलेचा अर्ज द्या आणि ती हातात पडली की तिसऱ्या पानावरचा 'आत' पुन्हा एकदा तपासा. झेरॉक्समध्ये तिथे घडी पडली आहे.