हेल्मेट घरी दिसलं असतं

"मॅडम, मुलगा बाईक मागतोय. नाही म्हटलं तर घरात बोलत नाही, हो म्हटलं तर माझा जीव टांगणीला. काय करू सांगा."

मुलुंडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते. मुलगा अठराच्या आतला असेल तर माझं उत्तर एका शब्दाचं असतं, नाही. तिथे समुपदेशनाचा प्रश्नच येत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडला तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकांना २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पण मुलगा कमावता, तेवीस वर्षांचा असेल तर? अशाच एका घराची गोष्ट सांगते. आई आणि मुलगा, दोघांनीही लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं मी घेतच नाही.

भांडुपची चाळ, दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. वडिलांची कायमची रात्रपाळी. मुलगा मरोळला एका लहानशा कंपनीत फोनवर ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या कामाला. दुपारी जाणार, रात्री एकला सुटणार. आई पहिल्यांदा आली ती एकटीच.

"लोकल आहे, घाटकोपरला उतरलं की मेट्रो आहे, मरोळ नाक्याला स्टेशन आहे. रात्री कंपनीची गाडी घरी सोडते. मग बाईक हवीच कशाला?" त्या म्हणाल्या. प्रश्न चुकीचा नव्हता. मी विचारलं, लोकलमध्ये तो कुठे उभा राहतो? "दारात. गर्दी असते ना." हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांत दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जीव गमावतात. तरी दारात उभा असलेला मुलगा त्यांच्या स्वप्नात येत नव्हता, आणि बाईकवर बसलेला रोज येत होता. भीती आकड्यांवरून ठरत नाही. ती आली कुठून, ते शोधावं लागतं.

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नानंतर त्यांनी पर्समधून एक फोटो काढला. तरुण मुलगा, केस मागे फिरवलेले, काळ्या मोटारसायकलवर रेलून बसलेला. त्यांचा धाकटा भाऊ. गणपतीला गावी जाताना मुंबई-गोवा रस्त्यावर, पावसात, तो गेला. त्या तेव्हा नव्याने लग्न होऊन आलेल्या. घरात हार घातलेला जो फोटो आहे तो याच फोटोवरून केलेला, पण त्यात फक्त चेहरा आहे. गाडी त्यांनी स्टुडिओवाल्याला कापायला सांगितली होती. "मुलाला माहीत आहे का?" "मामा अपघातात गेला, एवढंच. कशाचा अपघात ते त्याने कधी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही."

पुढच्या वेळी मुलगा एकटा आला, कपाळावर आठ्या घेऊनच. आईने पाठवलं म्हणून आलो, हे त्याने बसायच्या आत सांगून टाकलं. मी गाडीचं नाव काढलं नाही, कामाबद्दल विचारलं. आठ तास कानाला हेडसेट, समोरच्याचा ओरडा ऐकायचा, आपण 'सर' म्हणत राहायचं. मग मी विचारलं, गाडीवर बसल्यावर काय होतं?

तो बोलायला लागला आणि माणूसच बदलला. रात्री सव्वाएकला साकीविहार रोड सोडून पवईला आलं की हवा एकदम गार लागते. तलावाच्या बाजूने एक वास येतो, पाण्याचा आणि झाडांचा. आयआयटीच्या गेटपर्यंत रस्ता मोकळा असतो. "मॅडम, तेवढा वेळ माझ्याशी कोणी बोलत नाही. डोक्यात फक्त पुढचा रस्ता असतो. घरी पोटमाळ्यावरसुद्धा असं एकटं वाटत नाही."

हे मी गंभीरपणे घेते, आणि पालकांनीही घ्यावं असं मला मनापासून वाटतं. पोरांचा माज, रिळं बनवायची हौस, एवढ्यावर हा विषय संपत नाही. शरीर तोलायचं, नजर पुढे ठेवायची, हाता-पायांनी एकाच वेळी चार कामं करायची; एवढं लक्ष एका जागी लागलं की दिवसभराचा कालवा आपोआप थांबतो. मी स्वतः लुनापासून सुरुवात केली, आज स्कूटर चालवते. पहिल्या पावसानंतर आरेच्या रस्त्याने जाताना मला जे वाटायचं ते मी कुणाला नाकारू शकत नाही. ज्या आनंदाला घरात नावच नाही, तो मुलगा घराबाहेर नेतो.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली होती. गाडी अजून मिळालेली नाही, आणि हा रात्री सव्वाएकच्या पवईबद्दल बोलत होता.

"कंपनीची गाडी सोडते ना रे तुला?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "आईला सांगणार नाही ना?" मी म्हटलं, मी सांगणार नाही, तुलाच सांगावं लागेल. मग एकेक करून बाहेर आलं. कंपनीची गाडी नाहीच. दुसऱ्या गल्लीतल्या मित्राची पाळी सकाळची, त्यामुळे दुपारनंतर त्याची बाईक याच्या हातात. आठ महिने झाले.

हेल्मेट? मित्राचं एक होतं, पट्टा तुटलेलं. पोलीस दिसला की डोक्यावर ठेवायचं, एरवी कोपरात अडकवायचं. स्वतःचं का नाही घेतलंस? तो म्हणाला, "ठेवणार कुठे? एवढ्याशा खोलीत हेल्मेट आईला दिसलं असतं."

लायसन्स? लर्निंग ऑनलाइन काढलं होतं. पक्कं काढलं नाही, कारण ते पोस्टाने घरच्या पत्त्यावर येतं. म्हणजे त्याच्या हातून कुणाला धडक बसली असती तर विमा कंपनीने भरपाईचे पैसे गाडीच्या मालकाकडून, त्या बिचाऱ्या मित्राकडून, वसूल करायला मागेपुढे पाहिलं नसतं. हे दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं.

आणि फोन. आई रात्री एक ते दोनच्या मध्ये तीन-चार वेळा फोन करायची, पोचलास का म्हणून. कंपनीच्या गाडीत मागे बसलेल्या माणसाला फोन न उचलायला कारण काय? म्हणून तो उचलायचा. डावा हात कानाला, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर. एकदा त्यांनी विचारलं होतं, एवढा वाऱ्याचा आवाज का येतो? खिडकी उघडी आहे, असं त्याने सांगितलं.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ज्या आईला त्याच्या जिवाची एवढी काळजी, तिच्याच काळजीपोटी त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि हातात फोन होता. त्यांना दोष द्यायचा माझा हेतू नाही, भावाला असं गमावलेल्या बाईला मी काय दोष देणार? पण 'नाही' म्हटल्याने गाडी थांबत नाही, फक्त आपल्या नजरेआड जाते, हे मी या एका घरातच पाहिलेलं नाही.

आईला मी आकडे सांगितले नाहीत, घाबरलेल्या माणसाला ते सांगायची गरज नसते. मुलाला सांगितले. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यात शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचाच आकडा ५०,०२९ होता. जगभरचे अभ्यास एकत्र पाहिले तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार बसायचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

"मी सावकाश चालवतो," तो म्हणाला. हे प्रत्येक जण म्हणतो. कागदावर हिशेब केला. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, चाळीसला ११. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एखादा सेकंद गेलेलाच असतो. त्यापुढे ब्रेक लावून थांबायला साठला जे अंतर लागतं ते चाळीसच्या सव्वादोन पट. दीडपट नाही, कारण वेगाचा वर्ग होतो. आणि हा हिशेब कोरड्या रस्त्याचा. त्याच्या रस्त्यावर जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला मेट्रो ६ ची कामं, लाल बहादूर शास्त्री मार्गाला मेट्रो ४ ची, बॅरिकेड, त्यातून निथळलेला चिखल, लोखंडी पत्रे. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू या रस्त्यांवर बाईकला बंदी आहे, तेव्हा बाईकवाला राहतो तो बस, डंपर आणि रिक्षांच्या गर्दीतच. डंपरच्या डाव्या अंगाला चिकटून चालणारी बाईक ड्रायव्हरला दिसत नाही. पहिल्या सरीला रस्त्यावरचं ऑइल वर येतं, तेव्हा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं.

इथे त्याने शर्टाची बाही वर केली. कोपरापाशी लांब व्रण. "पत्र्यावरूनच. जूनमध्ये." घरी काय सांगितलंस? "स्टेशनच्या जिन्यावरून घसरलो."

मी आणखी दोन प्रश्न विचारले. ते मी प्रत्येक चालवणाऱ्याला विचारते, आणि घरच्यांनीही विचारावेत. मागे मित्र बसलेला असताना वेग वाढतो का? या वयात बघणारे मित्र असले की जोखीम जास्त घेतली जाते, हे मानसशास्त्रात चांगलं अभ्यासलेलं आहे. तो खाली बघून हसला, म्हणजे उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न, भांडण झाल्यावर गाडीवर बसतोस का? इथे उत्तर 'हो, तेव्हाच बरं वाटतं' असं आलं असतं, तर मी आईच्या बाजूने उभी राहिले असते. राग गिळायला किंवा जीव नकोसा झाला म्हणून जो गाडी काढतो, त्याच्या हातात किल्ली देऊ नये. आधी त्या रागाकडे, त्या निराशेकडे बघावं. याचं उत्तर होतं, "नाही, तेव्हा मी गच्चीवर जातो." त्याच्या बोलण्यावरून मला ते खरं वाटलं.

तिसऱ्या भेटीत दोघं एकत्र बसले. त्याने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच अडकला. मी मदत केली नाही. शेवटी सगळं सांगून झालं, जिना आणि पत्रासुद्धा. आई ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी त्याचा हात ओढून घेतला, कोपर उलटं करून व्रण पाहिला आणि म्हणाल्या, "मी याला हळद लावली होती." बस, एवढंच. पुष्कळ वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी पर्समधून तो न कापलेला फोटो काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

मामा त्याच्याच वयाचा होता, हे त्याला त्या दिवशी कळलं. "आई, तू आधी का नाही सांगितलंस?" "सांगितलं असतं तर तू गाडी मागितली नसतीस. आणि आपल्यामुळे पोराला हौस करता आली नाही, असं मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं." या वाक्यावर मी अजून विचार करते. अडवायचं होतं आणि अडवायचं नव्हतंही.

त्यानंतर दीड महिना आम्ही फक्त व्यवहाराचं बोललो. 'जपून चालव' हा शब्द मी दोघांनाही वापरू दिला नाही, कारण त्याचा अर्थ दोघांचा वेगळा होता. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत मित्राची गाडी बंद. तेवढे दिवस रात्री शेअर रिक्षा, पैसे गेले तरी चालतील. हेल्मेट आधी, गाडी नंतर. आयएसआय मार्कचं, आयएस ४१५१ लिहिलेलं, डोक्याला घट्ट बसणारं आणि पट्टा लावल्यावर मागून ढकललं तरी न निघणारं. आईचं म्हणणं, गाडी छोटी घे, छोटी म्हणजे सुरक्षित. इथे मी मुलाची बाजू घेतली. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, घाबरून ब्रेक दाबला तरी निदान पुढचं चाक जाम होत नाही. ओल्या रस्त्यावर ते मोलाचं. मागे कोणी बसणार असेल तर दुसरं हेल्मेट, मुंबईत जून २०२२ पासून वाहतूक पोलीस त्यावरही कारवाई करतात.

सगळ्यात अवघड गेला तो फोन. ठरलं असं, निघताना त्याने एक मेसेज करायचा आणि घराखाली गाडी बंद केल्यावर दुसरा. मधल्या वेळात आईने फोन करायचा नाही. मरोळ ते भांडुप रात्रीची अर्ध्या तासाची वाट. तासाभरात मेसेज नाही आला तरच फोन. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा केला. त्याने उचलला नाही, बाजूला थांबूनही उचलला नाही, घरी आल्यावर बोलला. त्या रात्री त्यांना खूप राग आला, दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "बरोबरच केलं त्याने, पण जीव गेला माझा." तो अर्धा तास कसा काढायचा, यावर आता आम्ही दोघी काम करतोय. त्या ताटं घासतात, उद्याची भाजी निवडतात. भावाबद्दल मात्र आता मोकळेपणाने बोलतात. पंचवीस वर्षं त्याचं नाव निघालं की विषय बदलायचा, असं चाललं होतं.

हेल्मेट दाराशेजारच्या खिळ्याला असतं, छत्रीच्या बाजूला.

मागच्या आठवड्यात त्याने विचारलं, जुलैत मित्रांबरोबर माळशेजला जाऊ का? आई नाही म्हणाल्या. पाऊस, धुकं, दरडी, वर चार गाड्या आणि आठ पोरं. तो चिडला, त्या रात्री जेवला नाही. 'नाही' ऐवजी 'का नाही' ते त्याला सांगा, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, सांगितलंय, त्याला पटत नाहीये. शनिवारी दोघं येणार आहेत.