टर्बो गाडीच्या इंटरकूलरमध्ये ऑइल येत असेल, तर कॅच कॅन बसवावा का?

आपण लिहिले आहे की आपल्या टर्बो डिझेल गाडीचे १,१०,००० किलोमीटर झाले असून इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढला तेव्हा आतून ऑइल निघाले. एका मिस्त्रीने ब्रीदरचा (इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारा) पाइप काढून जमिनीकडे मोकळा सोडायला सांगितले, तर दुसऱ्याने कॅच कॅन, म्हणजे त्या वायूतले ऑइल अडवून साठवणारा डबा, बसवायला. मी कारंजा लाडच्या बाजूला वीस वर्षांपासून डिझेल गाड्यांचे काम करतो. माझे स्पष्ट मत असे की पाइप मुळीच मोकळा सोडू नये, आणि हे ऑइल का येते आहे हे तपासल्याशिवाय कॅच कॅनवर पैसे घालू नयेत.

पिस्टनच्या रिंगा नव्या इंजिनातही पूर्ण सील करत नाहीत. जळालेल्या वायूचा थोडा भाग रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असलेल्या क्रँककेसमध्ये, उतरतोच. गॅरेजमध्ये आपण याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. टर्बोमुळे सिलिंडरमधला दाब अधिक असतो, त्यामुळे लोड घेऊन चढण चढताना किंवा समृद्धी महामार्गावर तासन्‌तास वेगाने धावताना हे प्रमाण वाढते. हा वायू फिरत्या क्रँकने उडवलेले ऑइलचे तुषार, पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन सोबत घेऊन टॅपेट कव्हरकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाकडे, चढतो. तिथला सेपरेटर मोठे थेंब खाली परत पाठवतो आणि उरलेली वाफ ब्रीदरमधून एअर फिल्टर व टर्बो यांच्या मधल्या पाइपमध्ये ओढली जाते. फार पूर्वी हा वायू सरळ रस्त्यावर सोडत असत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील धुरके कमी करण्यासाठी तो पुन्हा इंजिनात जाळण्याची पद्धत आली आणि पुढे जगभर रुळली. म्हणजे इंटरकूलरच्या पाइपला आतून ऑइलचा पातळ थर असणे हा बिघाड नव्हे. बोटाला ओल लागणे वेगळे आणि पाइप वाकवल्यावर ऑइलची धार पडणे वेगळे.

पाइप जमिनीकडे सोडण्याचा सल्ला आपल्या भागात फार सर्रास दिला जातो आणि त्याने इंजिने खराब होताना मी पाहिली आहेत. ब्रीदर काढला की टर्बोच्या अलीकडच्या पाइपवर एक तोंड उघडे राहते. ते नीट बंद केले नाही, तर काळ्या मातीची धूळ फिल्टरला वळसा घालून थेट टर्बोच्या पंख्यावर आणि पुढे बोअरमध्ये (पिस्टन ज्यात फिरतो त्या सिलिंडरमध्ये) जाते. बोअर व रिंगा घासल्या की बॅक कॉम्प्रेशन आणखी वाढते, म्हणजे ज्या कारणासाठी पाइप सोडला तेच कारण मोठे होते. शिवाय बीएस-६ गाडीत क्रँककेसचा वायू बाहेर सोडण्यास मुभाच नाही.

आता ऑइल अधिक का येते, ते पाहू. पहिला संशय मी नेहमी एअर फिल्टरवर घेतो. कापूस वेचणीपासून जिनिंग चालू असेपर्यंत जिनच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे फिल्टर रुईच्या तंतूंनी आणि धुळीने लवकर भरतात. फिल्टर कोंडला की टर्बो हवेऐवजी ब्रीदरमधून अधिक जोराने ओढू लागतो आणि त्याच्या सीलमधूनही ऑइल येऊ शकते. फिल्टर बदलल्यावर तक्रार संपली, अशा गाड्या माझ्याकडे दरवर्षी येतात. दुसरे म्हणजे ऑइलची पातळी. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपुढे ऑइल भरू नये. आपली गाडी डीपीएफ (सायलेन्सरच्या पाइपमधला काजळी पकडणारा फिल्टर) असलेली असेल आणि रोजचा प्रवास गाव ते तालुका इतकाच असेल, तर या फिल्टरची साठलेली काजळी स्वतः जाळण्याची क्रिया अर्धवट राहून डिझेल ऑइलमध्ये मिसळते व पातळी आपोआप वाढते. पातळी वाढलेली दिसली, तर थोडे ऑइल काढून टाकणे पुरेसे नाही, ते सगळे बदलावे लागते. तिसरे, टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप. तो दबला किंवा काजळीने बुजला असेल, तर ऑइल चेंबरमध्ये उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडते. अशा वेळी लोक विनाकारण टर्बो बदलतात.

एवढे करूनही ऑइल येत असेल, तर क्रँककेसचा दाब मोजावा. ऑइल भरण्याचे झाकण काढून धूर पाहण्याची आपली पद्धत अंदाजापुरती ठीक आहे, परंतु त्यावरून इंजिन खोलण्याचा निर्णय घेऊ नये. दोन मीटर पारदर्शक नळी घ्यावी, ती इंग्रजी यू अक्षरासारखी उंच धरून खालच्या भागात रंगीत पाणी भरावे आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीवर घट्ट बसवावे. पाणी इंजिनात ओढले जाणार नाही इतकी नळी उंच असू द्यावी. इंजिन गरम करून आयडलवर पाहिले असता निरोगी गाडीत दोन्ही बाजूंचे पाणी जवळजवळ समपातळीत किंवा किंचित इंजिनकडे ओढलेले दिसते. पाणी उघड्या तोंडाकडे ढकलले जात असेल आणि रेस केल्यावर आणखी चढत असेल, तर ब्रीदर किंवा सेपरेटर बुजला आहे किंवा रिंगा गेल्या आहेत. सेपरेटर व पाइप साफ करून पुन्हा मोजावे. तरीही तेच दिसले, तर कॉम्प्रेशन तपासणीची वेळ आली असे समजावे. याउलट पाणी फार जोराने आत ओढले जात असेल, तर टॅपेट कव्हरवरील दाब नियंत्रित करणारा रबरी पडदा फाटलेला असू शकतो.

कॅच कॅनचा उपयोग या सगळ्यानंतर आहे. निरोगी इंजिनात तो ऑइल इंटरकूलरपर्यंत जाऊ देत नाही आणि ईजीआरची (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी त्या ऑइलला चिकटून हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये जो डांबरासारखा थर बसतो, तो कमी करतो. मात्र चुकीचा कॅन काय करतो, हे मला स्वतःच्या चुकीतून कळले. एका पिकअपला मी कॅन बसवताना त्यात भांडी घासण्याची तारजाळी दाबून भरली होती. काही महिन्यांत ती चिखलाने बुजली, चेंबरमधला दाब वाढला आणि सोयाबीनच्या हंगामात त्या शेतकऱ्याची गाडी क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल गाळू लागली. गिअरबॉक्स उतरवून सील बदलून दिले, पण हंगामातले त्याचे चार दिवस मला परत देता आले नाहीत. म्हणून कॅन घ्याल तो आत आडव्या पट्ट्या असलेला, येण्या-जाण्याची तोंडे मूळ ब्रीदरपेक्षा अरुंद नसलेला आणि दुसरे टोक पुन्हा टर्बोच्या पाइपला जोडलेला, म्हणजे बंदच असावा. पाइप ऑइल सहन करणाऱ्या रबराचाच घ्यावा. साधी पाण्याची नळी उष्णतेने मऊ होऊन चपटी होते.

भरलेला कॅन तसाच ठेवणे धोक्याचे आहे. साठलेले ऑइल एकदम ओढले गेले, तर डिझेल इंजिन त्याच ऑइलवर चालू लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. असे कधी झाले, तर मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून धरावा, वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. पंख्याजवळ किंवा टर्बोच्या तोंडाजवळ हात नेऊ नये.

कॅन टर्बो आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर, वारा लागेल अशा जागी असावा, कारण वाफ थंड झाली तरच तिचे थेंब होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कॅनमध्ये कमी साठते, तर डिसेंबरच्या थंडीत छोट्या फेऱ्यांनी पाणी मिसळून दुधी रंगाचा फेस भरपूर निघतो. उन्हाळ्यातला रिकामा कॅन पाहून इंजिन सुधारले असे समजू नये आणि थंडीतला दुधी फेस पाहून हेड गॅस्केट (इंजिनात पाणी व ऑइल वेगळे ठेवणारे सील) गेले असेही लगेच धरू नये. आधी रेडिएटरचे पाणी कमी होते का ते पाहावे. दर १,००० किलोमीटरला कॅन रिकामा करून निघालेले माप, महिना आणि किलोमीटर वहीत लिहावेत, आणि डिसेंबरची तुलना मागच्या डिसेंबरशीच करावी.